पद्मिनी थांबली की माणसं येतात

सासऱ्यांनी १९८२ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही आमच्या घरी आहे आणि ती चालती आहे. सासरे गेले, त्यानंतर गाडी झाकून ठेवणं माझ्या नणंदेला पटेना आणि मलाही. तेव्हापासून आम्ही दोघी तिला घेऊन बाहेर पडतो. कधी मे महिन्यात कोकणात, कधी दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीकडे. पुण्याहून पहाटे निघायचं, पन्नास-साठच्या वर वेग न्यायचा नाही, ऊन चढलं की सावली बघायची.

गाडी मूळची इटलीची, फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १,०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. एके काळी ती मिळवण्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. जुन्या गाड्यांचे जाणकार १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच व्हिंटेज मानतात आणि सरकारी नियमात त्यासाठी पन्नास वर्षं भरावी लागतात. त्या हिशेबात आमची पद्मिनी अजून लहान आहे. पण रस्त्यावरच्या माणसांना हा हिशेब लागत नाही. त्यांना ती बघताक्षणी ओळखीची वाटते आणि ती जवळ येतात.

नव्या गाडीतून गावात गेलं की आपण गिऱ्हाईक असतो. हॉटेल कुठे, पार्किंग कुठे, किती पैसे, एवढंच बोलणं. पद्मिनी घेऊन गेलं की समोरचा माणूस जाणता असतो. त्याला या गाडीतलं आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, निदान तिच्याविषयी सांगण्यासारखं काहीतरी असतंच. आम्हाला जे काही मिळालं ते या एका गोष्टीमुळे मिळालं, आणि खाली लिहिलंय ते सगळं त्यातूनच आलेलं आहे.

१. बायपास सोडून गावातून जा.

पुणे-बेंगळूरु रस्ता असो किंवा मुंबई-गोवा, आता बहुतेक गावं बाजूला पडली आहेत. उड्डाणपुलावर चढलं की गाव खाली राहतं आणि दिसतात ती फक्त पत्र्याची छपरं. वेळ वाचतो हे खरं. पण जुनी गाडी घेऊन निघालेल्या माणसानं वेळ वाचवून करायचं काय? गावात शिरणारा जुना रस्ता धरावा. तो एसटी स्टँडवरून जातो, बाजारपेठेतून जातो, एखाद्या शाळेला वळसा घालतो. आम्ही थांबतो ते स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर किंवा जिथे दोन-तीन गॅरेजं ओळीनं असतात तिथे. सकाळी दहा-अकराची वेळ सगळ्यांत चांगली. म्हातारी माणसं बाहेर बसलेली असतात, दुकानदारांची पहिली गडबड ओसरलेली असते. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मात्र गाडी बाजाराच्या कडेलाच ठेवावी, आत घालू नये. लोकांची वाट अडवून कुणाशी गप्पा होत नाहीत.

२. तेच तीन प्रश्न, दर वेळी मनापासून उत्तर.

“ॲव्हरेज किती देते?” “पार्ट मिळतात का?” “विकायची आहे का?” कुठल्याही जिल्ह्यात जा, सुरुवात याच प्रश्नांनी होते. नणंदेला सुरुवातीला याचा कंटाळा यायचा. मला वाटतं, हे प्रश्न म्हणजे उंबऱ्याशी वाजवलेली कडी आहे. ॲव्हरेज घाटात दहा, सपाटीवर बारा-तेरा, असं नीट सांगितलं की विचारणारा मान हलवतो आणि मग खरं बोलायला लागतो. त्याच्या मामाची डुक्कर फियाट होती. तालुक्याच्या डॉक्टरांची होती, ते रात्री-अपरात्री वाडीवर यायचे आणि दिवे लांबून दिसले की घरात धीर यायचा. कुणाचे वडील मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. मुंबईत पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्या दिवशी वडील घरात गप्प बसून होते, हे मला चिपळूणजवळ एका पोरसवदा दुकानदारानं सांगितलं.

आमच्या नंबर प्लेटवर जिल्ह्याचा आकडा नाही, १९८९ च्या आधीची तीन अक्षरं आहेत. पन्नाशी उलटलेली माणसं आधी ती वाचतात आणि मग गाडीकडे बघतात.

३. आधी कान लावणाऱ्याच्या हाती गाडी द्यावी.

जुनी गाडी थांबली की मदतीला चार हात येतात. सगळे चांगल्या मनानं येतात, पण सगळ्यांना बॉनेटखाली हात घालू देऊ नये. आम्ही एक पाहून ठेवलं आहे. खरा जाणकार आधी विचारतो, “काय होतंय?” मग गाडी चालू करायला सांगतो आणि नुसता ऐकत उभा राहतो. पाना सगळ्यांत शेवटी हातात घेतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात असा माणूस भेटला. आमचा दुसरा गिअर नीट पडत नव्हता. दांडा स्टिअरिंगला असल्यामुळे तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे जातात, त्या सांध्यातले बुश झिजले की दांडा हलतो पण गिअर पडत नाही. पुण्यात हा बुश शोधून आम्ही थकलो होतो. उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री, शेतीच्या इंजिनांचे भाग यांचं गाव. तिथल्या माणसाला वस्तू बाजारात मिळत नाही याचं काही वाटत नाही. त्यानं जुना बुश तळहातावर घेतला, कॅलिपर लावला, कोपऱ्यातून नायलॉनचा दांडा काढला आणि लेथ चालू केला. मध्येच थांबून म्हणाला, “ताई, मूळ मापात केला तर दोन वर्षांत परत झिजंल. जरा घट्ट करतो. पहिलं चार-आठ दिवस दांडा जड लागंल, घाबरू नका.” बुश तयार झाल्यावर त्यानं एकाऐवजी चार दिले. पैसे विचारले तर, “राहू द्या, परत याल तवा बघू.”

त्याच्याकडे दोन पोरं शिकायला होती. त्यांना त्यानं गाडीखाली घातलं आणि प्रत्येक सांधा दाखवला. असली गाडी पुन्हा कधी समोर येईल कुणास ठाऊक, बघून घ्या, असं त्यांना बजावत होता. आपण गाडी घेऊन फिरतो ते फक्त हौसेसाठी नाही, हे मला तिथे उभी असताना कळलं. एक हुन्नर अजून चालता आहे आणि त्याला काम हवं आहे.

४. घाटात धीर, पाणी आणि सुती फडकं.

सावंतवाडीकडून आंबोली चढताना मे महिन्यात गाडी आचके देऊन थांबते, हे आता आम्ही गृहीत धरतो. पद्मिनीचा पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला असतो. चढावर इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबानं येतं, म्हणून त्यांना हे दुखणं माहीत नाही. उपाय साधा आहे. पंपावर ओलं फडकं टाकायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, चाकामागे दगड लावायचा.

एका वळणावर आम्ही असेच थांबलो असताना कोल्हापूरकडे जाणारी एसटी मागून आली आणि थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतूनच विचारलं, “पंप तापला न्हवं?” कंडक्टरनं पाण्याचा कॅन खाली दिला. एक प्रवासी उतरला, खांद्यावरचा पंचा त्या पाण्यात भिजवून त्यानं पंपाला गुंडाळला आणि पुन्हा बसमध्ये चढला. पंचा परत घ्यायला तो थांबलाच नाही. बसमधल्या कुणीही घाई केली नाही, घड्याळ बघितलं नाही. एवढ्या माणसांचा वेळ आपल्यासाठी गेला याचा संकोच वाटतो. पण तो संकोच चेहऱ्यावर आणून वारंवार माफी मागू नये. मोकळेपणानं आभार मानावेत, हात हलवावा.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढलं आहे आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पंपाचा पडदा, नळ्या, क्लिपा हे सामान बरोबर हवंच. प्लग, कंडेन्सर, पॉइंट घासायला पॉलिश पेपर, फॅन बेल्ट हेही. मदत करणाऱ्याकडे हात असतात, अक्कल असते. सुटा भाग आपण न्यायचा असतो.

५. दार उघडून द्या.

लोक गाडीला हात लावतात. लावू द्यावा. पोरं हॉर्न वाजवतात. वाजवू द्यावा, फक्त किल्ली खिशात आणि हँडब्रेक ओढलेला हवा. पुढच्या काचेजवळची ती त्रिकोणी खिडकी उघड-मीट करण्यात एकेक पोरगं दहा मिनिटं घालवतं.

तासगावच्या बाजूला एका द्राक्षाच्या बागेशी पाणी भरायला थांबलो होतो. घरातून एक आजी काठी टेकत आल्या. नव्वदीच्या आसपासच्या असाव्यात. गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाल्या, “पोरी, मागचं दार उघड.” त्या आत बसल्या, उजव्या अंगाला सरकल्या, पदर सारखा केला. “माझी वरात असल्याच गाडीतनं निघाली व्हती. मी हितं बसले व्हते. मालक तिकडं.” सून आणि नातसून दारात उभ्या होत्या. त्यांनी हे आधी कधी ऐकलं नव्हतं. गाडी जतच्या कुठल्या व्यापाऱ्याची होती, रस्ता कच्चा होता, ओढ्यात चाक रुतलं तेव्हा वऱ्हाडानं गाडी उचलली आणि नवरी आतच बसून होती, हे सगळं त्यांनी मागच्या सीटवर बसून सांगितलं. नातसुनेनं एकामागून एक प्रश्न विचारले. दागिने काय होते, जेवायला काय होतं, भीती वाटली का. मी पुढून एक शब्द बोलले नाही. फिरवून आणू का, असं नणंदेनं विचारलं तर आजी नको म्हणाल्या. त्यांना कुठे जायचं नव्हतं. अर्ध्या तासानं उतरल्या आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आम्ही दोघी बायका असल्यामुळे घरातल्या बायका बाहेर येतात, हेही खरं. पुरुष गाडी घेऊन गेला की भोवती पुरुषच जमतात. आमच्याकडे बॉनेटपाशी काका-मामा असतात आणि मागच्या दाराशी आज्या, वहिन्या.

६. ज्यांनी गाडी घडवली ते कुठल्याही गावात असू शकतात.

कणकवलीच्या पुढे, महामार्ग सोडून आत, एका दुकानासमोर नणंदेनं सरबतासाठी गाडी थांबवली आणि मागचं दार लोटलं. बाकावर बसलेले एक आजोबा उठले. नमस्कार नाही, चौकशी नाही. दाराशी आले, ते उघडलं, पुन्हा लावलं. “असो आवाज येवक नको,” म्हणाले.

मग चारही दारं एकेक करून उघडून लावून पाहिली. तीन दारांवर त्यांचं समाधान झालं. चौथ्यासाठी दुकानातून स्क्रूड्रायव्हर मागवला. खांबावर कुलूप अडकतं ती पट्टी सैल केली, अंगठ्यानं अगदी थोडी आत सरकवली, पुन्हा आवळली. दार लावलं. एकच ठाम आवाज आला. वर्षानुवर्षं ते दार आम्ही दोनदा आपटून लावत होतो आणि जुन्या गाडीचं असंच असतं असं समजत होतो.

“मी कुर्ल्याक होतंय. प्रीमियरात,” तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. दारं बसवण्याच्या कामावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. सिंधुदुर्गातले कितीतरी लोक तेव्हा कुर्ला-घाटकोपरच्या चाळींत एका खोलीत दाटीनं राहायचे. पाळी बदलली की एकाच्या वळकटीवर दुसरा निजायचा, गावाला पैसे पाठवायचे आणि गणपतीला घरी यायचे. दाराच्या फटीचं माप हातानं कसं ओळखायचं हे त्यांनी आम्हाला दाखवलं. बोट वरून खालपर्यंत सारख्या गतीनं फिरलं पाहिजे, कुठे अडता कामा नये. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. ते एकदा मुलाबरोबर तिथे गेले होते. फाटक कुठे होतं हेसुद्धा ओळखू येईना, म्हणाले.

मुंबईहून सुट्टीला आलेला त्यांचा नातू शेजारी उभा होता. आजोबा कारखान्यात होते एवढंच त्याला माहीत होतं. ज्या वस्तूवर त्यांचा हात फिरला ती वस्तू आजवर त्याच्यासमोर आली नव्हती. त्यानं स्वतः जाऊन चारही दारांच्या फटीवरून बोट फिरवून पाहिलं. आजोबांनी त्याला एका जागी थांबवलं, बोट थोडं खाली न्यायला सांगितलं. तिथे नंतर कधीतरी ठोकून पत्रा सरळ केला होता आणि नातवाला तो उंचवटा लागला.

आमच्या पिढीनं या गाड्या भंगारात काढल्या, कारखाना गेला त्याबरोबर त्या कामगारांची कारागिरीही विस्मरणात गेली. गाडी संग्रहालयात ठेवली असती तर ती चकचकीत राहिली असती; पण कणकवलीच्या त्या बाकापर्यंत पोचली नसती. म्हणून मी गाडी रस्त्यावर ठेवण्याच्या बाजूची आहे. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून खास नोंदणी केलेली गाडी रोजच्या रस्त्यावर फिरवता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच काढता येते. पद्मिनीला पन्नास वर्षं झाली तरी आम्ही ती नोंदणी घेणार नाही. पाच-पाच वर्षांनी नेहमीचं नूतनीकरण करत राहू.

७. फेरीबोटीची रांग टाळू नका.

दाभोळहून धोपाव्याला, जयगडहून तवसाळला खाडी ओलांडताना गाडी बोटीवर चढवावी लागते. बोट पलीकडे असेल तर थांबावं लागतं. हे थांबणं सोन्यासारखं असतं, कारण त्या धक्क्यावर सगळेच थांबलेले असतात: मासळीवाल्या, शाळेतली मुलं, वऱ्हाड घेऊन चाललेला टेम्पो. बोटीवरची माणसं जुनी गाडी पाहिली की तिला जपून घेतात. उतारावर सायलेन्सर घासू नये म्हणून ती तिरकी घ्यायला लावतात आणि एक जण वाकून खाली बघत राहतो. तो हात वर करेपर्यंत पुढे जाऊ नये.

८. पाकीट लगेच बाहेर काढू नये.

मदत झाली रे झाली की नोट पुढे करणं ही आपली शहरी सवय. गॅरेजवाल्याचा तो धंदा आहे, त्याचे पैसे तो सांगेल तेवढे, घासाघीस न करता द्यावेत. पण रस्त्यात धक्का मारणाऱ्याला, पाणी आणून देणाऱ्याला नोट दिली की तो दोन पावलं मागे सरतो. गप्पा तिथेच संपतात. आम्ही घरचे डिंकाचे लाडू आणि जवसाची चटणी बरोबर ठेवतो. डबा उघडून सगळ्यांनी मिळून खायचं. कुणी आंबे-फणस दिले तर नाही म्हणू नये, डिकीत जागा ठेवावी.

९. दिवेलागणीच्या आत मुक्काम गाठावा.

पद्मिनीचे दिवे मिणमिणते. अंधारात रस्ता दिसत नाही आणि माणसंही भेटत नाहीत. दोघी बायकांनी तर हे पाळावंच. तालुक्याच्या गावी, वस्तीतल्या लॉजवर उतरावं, गाडी मालकाला विचारून त्याच्या नजरेसमोर लावावी.

१०. फोटो कागदावर छापून पाठवा.

प्रत्येक जण गाडीजवळ उभं राहून फोटो काढतो. मोबाइलमधले फोटो मोबाइलमध्येच राहतात. आम्ही वहीत पत्ते लिहून घेतो, मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोडसह, आणि घरी परतल्यावर मोठे फोटो छापून पोस्टानं पाठवतो. कणकवलीच्या आजोबांना दाराच्या फटीवर बोट ठेवलेला फोटो पाठवला. उद्यमनगरात दोन्ही शिकाऊ पोरांना वेगवेगळा पाठवला. तासगावच्या आजींचा मागच्या सीटवरचा फोटो त्यांच्या घरच्यांनी फ्रेम करून लावला, असा त्यांच्या नातवाचा फोन आला.

फोन त्यासाठीच होता असं नाही. त्यांच्या शेजारच्या गावात एकाच्या गोठ्यात पद्मिनीची डिकी आणि हेडलाइटच्या दोन रिंगा पडून आहेत, आम्हाला हव्यात का, हे त्याला विचारायचं होतं. आमच्या डिकीचा पत्रा कडेनं गंजला आहे, हे त्या दिवशी पाणी भरताना त्यानं पाहून ठेवलं होतं. आम्ही हो म्हटलं आहे. द्राक्षांची तोडणी आटोपली की डिकी आणायला जायचं ठरलं आहे.